भुवई उचलणं म्हणजे नुसती हौस नव्हे

कर्जत-खालापूरकडे एसटीची पाटी वाचताना बरेच आजी-आजोबा आधी कपाळाला आठ्या घालतात. ही नुसती सवय नाही. वयानुसार वरच्या पापणीची कातडी सैल होऊन डोळ्यावर येते. मग कपाळाचा स्नायू भुवई वर ओढून धरतो, म्हणजे नीट दिसतं.

आता शस्त्रक्रियेत फक्त जादा कातडी काढली तर? अडथळा संपला म्हणून स्नायू सैल पडतो आणि भुवईच खाली उतरू शकते. 1990 मध्ये मॅककॉर्ड आणि डॉक्झानस या सर्जननी यावर उपाय मांडला: पापणीच्या त्याच छेदातून वर जायचं आणि भुवई हाडावरच्या आवरणाला टाके घालून अडकवायची.

पापणीवरचा असा छेद मात्र आपल्याकडे फार जुना आहे. पापणीचे केस डोळ्याला टोचत असतील, तर भुवई आणि पापणीची कड यांच्यामधली जवाच्या आकाराची कातडी काढून केसाने शिवावी, असं सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितलंय. कपाळाला पट्टी बांधून टाके तिलाच अडकवायचे. हेतू सौंदर्याचा नव्हता, डोळा वाचवण्याचा होता.

महाराष्ट्रात या शस्त्रक्रियांना आणखी एक अर्थ मिळाला, तो कुष्ठरोगामुळे. या रोगात भुवयांचे केस गळतात; चेहऱ्याची नस बिघडली तर डोळा मिटत नाही. औषधाने जंतू मेले तरी या खुणा राहतात, आणि लोक माणसाला त्यांवरूनच ओळखतात. खालापूरला लागून असलेल्या पनवेल तालुक्यात नेऱ्याचं शांतिवन उभं राहिलं, ते अशा माणसांना घर-गाव तुटल्यावर आसरा लागतो म्हणूनच.

ब्रिटनमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकलेले डॉ. नोशिर अंतिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि पुण्याजवळ कोंढव्याला याच रुग्णांवर काम करत होते. कुष्ठरोगातल्या चेहऱ्याच्या पुनर्रचनेवर त्यांनी 1963 मध्ये लिहिलं. डोक्याची केसाळ कातडी आणून भुवई बनवता येते. कानशिलाजवळच्या, चावायला लागणाऱ्या स्नायूची पट्टी पापणीत ओवली, तर दात आवळले की डोळा मिटतो! रुग्णाला ते शिकावं लागतं, पण बुबुळ वाचतं.

म्हणून भुवईच्या ऑपरेशनला सरसकट ‘कॉस्मेटिक’ म्हणताना मी थबकते. कुणाला त्यामुळे पाटी दिसते, तर कुणाला पुन्हा गावच्या बाजारात उभं राहता येतं.