टाळ देवळाचे, वेळ आपला

भजनाला सामान ते किती? एक वीणा, एक मृदंग, टाळांचे दहा-बारा जोड आणि जमलं तर बाजाची पेटी. यातलं काहीही भजन म्हणणाऱ्याला विकत घ्यावं लागत नाही. टाळ मारुतीच्या देवळात खुंटीला टांगलेले, मृदंग गावाच्या वर्गणीतून आलेला किंवा कुणी नवस फेडताना दिलेला, वीणा तर देवाचीच. दिवसभर औत हाकून किंवा अडतीवर पोती वाहून आलेला बाप सांजच्याला हातपाय धुऊन देवळाकडे निघे आणि त्याचं बोट धरून एखादं लेकरूही. लेकराला झोप आली की ते तिथंच सतरंजीवर आडवं होई. घरी जाताना बाप त्याला खांद्यावर टाकून नेई.

नांदेड आणि लातूरच्या गावांत याला कुणी छंद म्हटलं नाही. छंद म्हणजे शहरातल्या माणसाची चैन, असंच वाटण्याचे ते दिवस. पण लहान लेकरांच्या आईबापांना परवडेल, चार माणसं भेटतील आणि घर वाऱ्यावर सोडावं लागणार नाही, असा विरंगुळा या भागाने पिढ्यान्‌पिढ्या चालवला. तो टिकला त्यात भक्तीचा वाटा मोठा आहेच. त्याच्या व्यवस्थेचाही तेवढाच आहे, आणि तिच्याकडे लक्ष जरा कमी गेलं आहे.

हा टापू वारकऱ्यांच्या नकाशावर कधीच आडबाजूला नव्हता. नामदेवांची नरसी आज हिंगोली जिल्ह्यात, जनाबाईंचं गंगाखेड परभणी जिल्ह्यात. दोन्ही नांदेडपासून हाकेच्या अंतरावर. लातूर जिल्ह्यातल्या औशाचं नाथ संस्थान चक्रीभजनासाठी ओळखलं जातं. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर उभ्याने, गोल फिरत होणारं हे भजन माघ महिन्यात पंढरपुरातही होतं. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला देगलूर. तिथल्या गुंडा महाराजांच्या परंपरेने पंढरपुरात आपला फड उभा केला आणि विसाव्या शतकात धुंडा महाराज देगलूरकरांनी ज्ञानेश्वरी सांगत अवघा महाराष्ट्र पालथा घातला. मोठ्या नावांच्या या गावांभोवती साध्या भजनी मंडळांचं दाट जाळं होतं. एकादशीला जागर, कार्तिकात काकडा, रोज संध्याकाळी हरिपाठ. वेळ काढायचा कसा हा प्रश्न पंचांगानेच सोडवलेला असे.

या सगळ्याचा कळस म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं गावोगाव कीर्तनं करू लागली, तसा सप्ताहाचा साचा सगळीकडे जवळपास एकसारखा होत गेला. पहाटे चारला काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, सांजच्याला हरिपाठ, रात्री नऊला कीर्तन आणि त्यानंतर जागर. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि गावजेवण.

सप्ताहातली खरी हुशारी ‘पहारा’ या पद्धतीत आहे. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही आणि नामस्मरणात खंड पडू द्यायचा नाही, असा नेम. एका माणसाने हे होणं नाही, म्हणून गावाच्या पाळ्या लागतात. दोन-तीन तासांचा एक पहारा, त्यात वीणेकरी एक आणि टाळकरी चार-सहा. नावं आधीच ठरून देवळात लिहून लावलेली. ज्याच्या घरी तान्हं आहे तो रात्रीचा पहारा टाळून सकाळचा घेतो. ज्याची पाण्याची पाळी पहाटे आहे तो दुपारी उभा राहतो. पूर्ण सात दिवस द्या, असं कुणी म्हणत नाही. पण आपल्या वाट्याचे दोन तास चुकवले तर वीणा घेऊन उभा असलेला शेजारी अडकून पडतो आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्याचा हिशेब होतो. व्यस्त माणसाला इतकं सोयीचं आणि तरी इतकं बांधून घालणारं वेळापत्रक आजच्या एखाद्या व्यायामशाळेलाही जमलेलं नाही.

निजामाच्या राजवटीत या एकत्र येण्याला आणखी एक वजन होतं. हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानाने परवानगीशिवाय जाहीर सभा घेण्याला मनाई होती. खासगी शाळा काढणंही सोपं नव्हतं. सभेला बंदी असलेल्या मुलखात चार माणसं जमण्याचं कारण देव असेल, तर त्याचा उपयोग भक्तीपुरता उरत नाही. अर्थात देवाच्या नावालाही पूर्ण मोकळीक नव्हती. मिरवणूक, वाद्यं, नवं देऊळ यांवरून सारखे खटके उडत. 1939 मध्ये आर्य समाजाने संस्थानात मोठा सत्याग्रह केला तो धार्मिक स्वातंत्र्याच्या मागणीसाठीच. त्याआधीच उदगीरचे आर्य समाजी कार्यकर्ते श्यामलाल यांचा 1938 मध्ये बिदरच्या तुरुंगात मृत्यू झाला होता. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात विलीन झालं, त्या वेळी या भागातल्या प्रौढ माणसाला सभेपेक्षा भजनात बसण्याची सवय कितीतरी जास्त होती.

टाळकुटे वारकरी तेवढे रमत होते आणि बाकीचे घरी बसून होते, असं मात्र नाही. लातूर-नांदेडमध्ये वीरशैव लिंगायत समाज मोठा आहे. मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ ग्रंथाची पारायणं आणि शिवनाम सप्ताह हा त्यांचा याच धर्तीवरचा मेळ. कार्तिकात कपिलधारेच्या यात्रेला पायी जाणाऱ्या दिंड्यांनी तर कित्येक कुटुंबांची सहल आणि तीर्थयात्रा एकाच खर्चात भागवली. शंभरी पार करून 2020 मध्ये नांदेडला देह ठेवलेल्या शिवलिंग शिवाचार्य अहमदपूरकर महाराजांनी ही पायवाट कित्येक वर्षं जागती ठेवली. कंधारला हाजी सय्याह सरवर मगदूम यांच्या दर्ग्याचा उरूस. तिथं कव्वाली ऐकायला कुणाच्या जातीची चौकशी होत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादकडची तेलुगू घरं बतुकम्मा मांडतात. त्याला लागतं काय? तरवडाची, कुरडूची, झेंडूची फुलं. निम्मी तर बांधावर फुकट मिळणारी. ती थरांनी रचायची आणि भोवती टाळ्या वाजवत फेर धरायचा. कडेवरचं मूलही फेरात.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची गोष्ट वेगळी आणि जवळचीही. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात तो बांधून घेतला. लंगरात भाजी चिरायला, पोळ्या लाटायला, ताटं घासायला कुणीही बसावं. तासभर हात चालवले की शेजारच्या अनोळखी बाईशी ओळख होतेच. 1956 नंतर बौद्ध वस्त्यांत विहारं उभी राहत गेली आणि आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन रुजलं. संध्याकाळी पांढरी साडी नेसून बाया लेकरांसह विहारात जमतात. एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आयांनी एक जाडजूड ग्रंथ दरवर्षी ऐकून ऐकून जवळपास पाठ केला. इतक्या स्वस्तात चालणारं वाचन मंडळ दुसरं दाखवायला कठीण.

आता एक अडचणीची गोष्ट. वर ज्या बापाचं वर्णन केलं तो लेकराला घेऊन देवळात जाई, तेव्हा त्या लेकराची आई कुठे होती? बहुतेक वेळा चुलीपुढे. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांचे अभंग रोज गाणाऱ्या मंडळांनी बाईच्या हाती टाळ द्यायला फार उशीर केला. कीर्तनाला बाया येत, पण मागच्या बाजूला बसून ऐकायला.

त्यांचं गाणं होतं जात्यावर. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या मराठवाड्यात रोजचं दळण पहाटे उठून घरीच व्हायचं. दोघी समोरासमोर बसत, खुंटा दोघींच्या हातात, एखादीच्या मांडीवर मूल. एकीने ओवी धरायची, दुसरीने पुढे न्यायची. भाऊ, माहेर, विठ्ठल, सासूचा जाच, सगळं त्यात येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा या पहाटेच्या गाण्याचा आवाका लोकांच्या ध्यानात आला. तरी याला फार गोंडस करू नये. ते कष्टाचं काम होतं. गाणं कष्ट हलके करायला होतं. विजेची गिरणी गावात आली तेव्हा एकाही बाईने जात्यासाठी अश्रू ढाळले नसतील. झालं एवढंच, की दळणाबरोबर समोर बसणारी सोबतीणही गेली आणि ती जागा भरायला बराच काळ गेला.

सणांनी मधल्या काळात हात दिला. पंचमीला लेकी माहेरी येत. लिंबाच्या झाडाला झोके, रात्री फेराची गाणी, फुगड्या. मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, गावच्या बोलीत येळवस, ही तर लातूरकरांची खास. त्या दिवशी लातूरच्या बाजारपेठा ओस पडतात, कारण सगळे शेतात. कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, मग भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, खीर. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याचं आवतण असतंच. एकाच दिवशी तीन शेतांत जेवायची वेळही येते. लेकरं दिवसभर हरभऱ्यात हुंदडतात आणि त्यांच्यामागे कुणी धावत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र आटोपून लोक झोपले होते. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. पुनर्वसनात 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावात गढीच्या भिंतीला वाडा, वाड्याला लागून बोळ आणि बोळ संपला की पार. नव्या गावात सरळ रस्ते, मोकळे प्लॉट आणि घराघरांत अंतर. दगड-मातीच्या भिंतींखाली माणसं मेली होती, त्यामुळे या मोकळेपणाला कारण होतं. पण शेजारणीला हाक मारायची तर आता रस्ता ओलांडून जावं लागे, आणि लहान मूल घेऊन देवळापर्यंत जाणं हा बेत आखण्याचा विषय झाला.

याच गावांत बायांच्या एकत्र येण्याला नवी वाट फुटली, तीही घरबांधणीच्या निमित्ताने. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. घरांचं काम कसं चाललंय ते बघायचं, लोकांच्या अडचणी कचेरीपर्यंत न्यायच्या. पुढे बचत गट आले. महिन्याची बैठक, थोडी बचत, थोडं कर्ज. हिशेब अर्ध्या तासात उरकतो, पण बैठक दीड-दोन तास चालते. त्या उरलेल्या वेळात नेमकं काय चालतं हे कुठल्याच इतिवृत्तात लिहिलेलं नसतं.

महिला भजनी मंडळांचं पीक याच सुमारास आलं. बचत गटाच्या आणि भजनी मंडळाच्या बाया बऱ्याच गावांत त्याच. पेटी शिकलेली एखादी सून, ढोलकी धरणारी दुसरी, एका रंगाच्या साड्या, स्पर्धा, गणपतीत आणि नवरात्रात आमंत्रणं. हरिपाठातले ज्ञानदेवांचे 27 अभंग पावलीच्या ठेक्यावर म्हणायला आता सगळ्यात पुढे आया आणि त्यांच्या पोरी असतात. पावली खेळून घाम निघतो, घसा मोकळा होतो आणि स्वयंपाकाच्या वेळेआधी माणूस घरी परत येतं.

लातूर शहरात चित्र थोडं निराळं. दहावी-बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’साठी बाहेरगावचे आईबाप खोली घेऊन इथं मुलांसोबत राहतात, आणि लेकरू शिकवणीला गेलं की आईचा दिवस त्या खोलीत मोकळा पडतो. नव्या वसाहतींतल्या देवळांत दुपारच्या भजनाला बाया मिळतात त्या अशा घरांतूनही. अर्थात मोकळा वेळ ही वस्तू इथं नळावर अवलंबून आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आलं. घागरींच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्या उन्हाळ्यात हरिपाठाची वेळ पाळता आली असेल, असं समजणं भाबडेपणाचं होईल.

सध्या गावागावांत कुरबूर आहे ती वेगळ्याच कारणाने. सप्ताह मोठे झाले, मंडप आले, ध्वनिक्षेपक आले, नामांकित कीर्तनकारांच्या तारखा वर्षभर आधी धराव्या लागू लागल्या आणि त्यांच्या मानधनाचे आकडे चारचौघांत चर्चेचे झाले. गावचे तरुण पुण्याला कामाला गेल्याने पहाऱ्यांच्या यादीत नावं कमी पडतात. मृदंग वाजवणारा तर काही ठिकाणी पैसे देऊन बाहेरून आणावा लागतो. पट्टी घरटी लागते, आणि ज्याच्या घरी दोन लहान लेकरं अन् दोन एकर कोरडवाहू आहे त्यालाही ती तेवढीच. काही गावांनी कीर्तनकार जवळपासचे बोलवायचे आणि मंडपाऐवजी देवळासमोरच बसायचं, असं ठरवलं आहे. काही गावांत हा विषय बैठकीत निघाला की जुनी माणसं आणि देणगीदार यांची सरळ दोन टोकं होतात, आणि पट्टीचा आकडा पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.