०.०४ टक्क्यांचा वाद

नौतपा लागला की नागपुरात एक वाद हमखास रंगतो. पारा ४५ च्या वर असतो आणि कुणीतरी म्हणतं, "हवेत कार्बन डायऑक्साइड आहे किती? ०.०४ टक्के! त्यानं काय होणार?" प्रश्न चुकीचा नाही. शास्त्रज्ञांनीही तो पन्नास वर्षं चघळला, म्हणून हा इतिहास लिहितोय.

हा वायू उष्णतेचे, म्हणजे अवरक्त किरण शोषतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये लंडनला दाखवलं. वायू वाढला तर पृथ्वी तापेल, हा हिशेब स्वीडनच्या अरेनियस यांनी १८९६ मध्ये मांडला. पण १९०० साली त्यांच्याच देशातल्या आंगस्ट्रॉम यांनी नळीत वायू भरून मोजलं. वायू कमी-जास्त केला तरी शोषण फारसं बदलेना! म्हणजे जेवढं शोषायचं ते शोषून झालंय, आता वायू वाढला तरी फरक नाही. बहुतेकांनी हे मान्य केलं आणि विषय मागं पडला.

गोची कुठं होती? मोजमाप खालच्या दाट हवेचं होतं. पृथ्वीची उष्णता अवकाशात सुटते ती वरच्या, विरळ, थंड थरातून. वायू वाढला की ही सुटायची जागा आणखी वर, आणखी थंड हवेत सरकते. तिथून उष्णता कमी बाहेर पडते, उरलेली खाली साचते. १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी नव्या मोजमापांवरून, संगणकाच्या मदतीनं हे गणित मांडलं. पुढं १९७० मध्ये निंबस-४ उपग्रहानं वरून पाहिलं, तर १५ मायक्रॉनच्या आसपास उष्णतेच्या आलेखात खोल खड्डा! तो याच वायूचा.

आता आपल्याकडं या. २०१३ मध्ये सोडलेला आपला इन्सॅट-३डी याच पट्ट्यातले किरण वाचून निरनिराळ्या उंचीवरच्या हवेचं तापमान काढायचा. असे आकडे हवामान फुग्यांच्या मोजमापाशी ताडून पाहतात. असे फुगे आपल्या सोनेगावहूनही सुटतात. ०.०४ टक्के खरंच नगण्य असते, तर उपग्रहाला हे वाचताच आलं नसतं.

कोराडी-खापरखेड्याची राख डोळ्यांना दिसते, म्हणून आपण तिच्यावर भांडतो. भांडायलाच हवं. पण त्याच धुराड्यांतून न दिसणारा वायूही निघतो. पुढच्या जनसुनावणीत राखेसोबत त्याचाही हिशेब मागू या.

तुम्हाला काय वाटतं? लिहा.