मास्तरच्या हातचं पाणी

हरेगाव हे नाव आपल्यातल्या जाणत्या कार्यकर्त्याला एका तारखेसाठी ठाऊक असतं. 16 डिसेंबर 1939. नगर जिल्ह्यातल्या या गावी महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिथं बोलले. वतनाच्या जमिनीवर सरकारनं वाढवलेल्या आकारणीचा विषय होता. रक्त आटवून चाकरी करायची, भाकरीचे तुकडे गोळा करायचे आणि वर त्या तुकडाभर जमिनीवर सरकारनं पुन्हा हात मारायचा, असा तो मामला.

त्याच हरेगावात दहा वर्षं पुरती व्हायच्या आत, 1949 साली, मतमाउलीची यात्रा सुरू झाली. संत तेरेजाच्या देवळात. 8 सप्टेंबर हा मरियेच्या जन्माचा सण, त्याच्या आगेमागे आजही हजारोंनी लोक जमतात. नऊ दिवसांचा नोव्हेना होतो, लांबलांबून पायी दिंड्या येतात. टाळ वाजतो, पेटी वाजते. डोळे मिटून ऐकलं तर आळंदीची वाट वाटावी. डोळे उघडले की माणसं आपली दिसतात. बहुतेक पूर्वीच्या महारवाड्यातली, मांगवाड्यातली.

आपली पुस्तकं 1939 पाशी थांबतात. ख्रिस्ती मंडळींच्या स्मरणिका 1949 पासून सुरू होतात. गाव एक, ऊस एक, बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचा भोंगा एक. आणि वाडाही एकच. इतिहास मात्र दोन.

मी संग्रामपूर तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा, वऱ्हाडातला माणूस. आमची पोरं विचारतात, 'काहून भाऊ, आपल्याले काय करा लागते त्या पाद्र्यायचं?' त्यांना मी आधी चर्चचा नकाशा सांगतो. चर्चच्या हिशेबात आमचा बुलडाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत 1955 साली नागपुरातून वेगळा काढला. म्हणजे आपलं नागपूर घडलं त्याच्या आदल्या वर्षी. 1977 साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तोवर मराठवाड्याचा तो भागही अमरावतीच्याच हाताखाली होता. त्यातच घोगरगाव. फ्रान्समधून आलेले फादर गुरियन जाकिए तिथल्या महारवाड्यांत आयुष्यभर फिरले, आणि लोक अजून त्यांचं नाव काढतात. तेव्हा हे परक्याचं प्रकरण नाही. आपल्याच भावकीची एक फांदी वेगळ्या बांधाला गेली, तिची ही गोष्ट आहे.

नगरकडं पहिले आले ते अमेरिकन मिशनवाले, 1831 साली. कॅथलिक जेज्वीट पाद्री आले 1878 मध्ये, मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ. केंदळ, संगमनेर अशी ठाणी पडत गेली. दुष्काळ होता म्हणून लोक 'पोटासाठी बाटले' असं सवर्ण इतिहासकार मिटक्या मारत लिहितो. त्याला विचारावं, बाबा रे, दुष्काळात ब्राह्मणाच्या आळीत कोणी का नाही बाटलं? तिथं पोट नव्हतं का? वाड्यात पोटाबरोबर आणखी काही उपाशी होतं. पाटी हातात घेण्याची भूक होती. कोणीतरी दारात येऊन बसावं, नावानं हाक मारावी, ही भूक होती.

पण गोऱ्या पाद्र्याच्या करुणेचे पवाडे गाणारा इतिहासही मला तितकाच पोकळ वाटतो. पाद्री एक आणि गावं पन्नास. घोड्यावरून, नंतर सायकल-मोटारीवरून तो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यायचा, मिस्सा म्हणायचा आणि पुढच्या गावाला जायचा. मधल्या दिवसांत तो धर्म जिवंत कोणी ठेवला?

मास्तरनं.

मिशनच्या कागदात त्याला धर्मशिक्षक म्हणतात, इंग्रजीतनं कॅटेकिस्ट. वाड्यात तो मास्तरच. वाड्यातलाच किंवा शेजारच्या गावच्या वाड्यातला, चार बुकं शिकलेला. दिवसा शाळा, आणि संध्याकाळी तीच खोली देऊळ. सकाळी फळ्यावर बाराखडी काढायची, रात्री कंदिलाच्या उजेडात 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणून घ्यायचं. रविवारी फादर नसले तरी लोक जमले पाहिजेत, हे बघायचं. लग्न ठरलं की कॅथलिकांत त्याचं आधी तीन रविवार जाहीर वाचन होई. मुलगा-मुलगी नात्यात बसतात का, आधीचं काही लचांड आहे का, हे परदेशातून आलेल्या फादरला काय कळणार? मास्तरला कळायचं. मयत झालं की फादर पोचेपर्यंत माती थांबत नाही. खड्ड्याशी उभं राहून प्रार्थना मास्तरच म्हणायचा. तलाठ्याकडं अर्ज, कोर्टाचं समन्स वाचून दाखवणं, मुंबईला गिरणीत गेलेल्या पोराला पत्र, हेही त्याच्याच गळ्यात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिस्सा लॅटिनमधून चालायची. वेदीवर फादर लोकांकडं पाठ करून जे म्हणायचे ते वाड्याला ओ की ठो कळत नसे. संस्कृतातून सुटून लॅटिनमध्ये सापडलो म्हणा. त्या देवळात वाड्याची स्वतःची भाषा बोलायची ती मास्तरनं, भजनी मंडळानं आणि बायांनी. मे महिना आणि ऑक्टोबर महिना म्हणजे मरियेच्या भक्तीचे. घराघरांत रोजरी म्हटली जाते, ती पुढं होऊन म्हणते एखादी म्हातारी, जिला अक्षर येत नाही. तिचं नाव कुठल्याच वहीत नसतं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्यातल्या जर्मन जेज्वीटांना स्थानबद्ध केलं, पुढं देशाबाहेर काढलं. पाद्री गेले तरी वाड्यातले ख्रिस्ती राहिले. ते कोणाच्या जिवावर राहिले, हे वेगळं सांगायला नको.

आता अधिकाराचं बोलू. खरा सवाल तिथं आहे.

कॅथलिक कायद्यात बाप्तिस्मा देणं हे धर्मगुरूचं काम. पण माणूस मरणाच्या दारात असेल तर कोणीही देऊ शकतो. डोक्यावर पाणी ओतायचं आणि ठरलेले शब्द म्हणायचे. म्हणजे जन्मलेलं पोर निळं पडत चाललंय, फादर वीस मैलांवर, तर मास्तरच्या हातचं पाणी चालतं. रोम ते मान्य करतं. पोर जगलं तर फादर येऊन उरलेले विधी करतात, पाणी दुसऱ्यांदा ओतत नाहीत. ज्या माणसाच्या हातचं पाणी गावात कोणी पीत नव्हतं, त्याच्या हातच्या पाण्यानं मोक्ष मिळतो असं पोपचा कायदा म्हणतो, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. महाडचं तळं आठवून वाचा.

पण अट बघा. मरण पाहिजे. जिवंत, धडधाकट माणसासाठी त्या हाताला आपोआप अधिकार नाही.

याच्या शेजारी 14 ऑक्टोबर 1956 ठेवा. भिक्खू चंद्रमणींनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना दीक्षा दिली. आणि नंतर? नंतर पांढऱ्या कपड्यातला एक गृहस्थ, चीवर न घातलेला उपासक, उभा राहिला आणि त्यानं लाखोंना स्वतः दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. जगातल्या धर्मांच्या इतिहासात हे फार क्वचित घडलंय. भिक्खूची वाट बघत बसला असता तर हा समाज अजून बसलाच असता. प्रापंचिक माणसाच्या हाताला बाबासाहेबांनी जिवंतपणी, जिवंत माणसांसाठी अधिकार दिला. आपल्या बौद्धाचार्याचा हात तिथून आलाय. ही गोष्ट आपल्या पोरांना मास्तरची गोष्ट कळल्याशिवाय नीट कळणार नाही, म्हणून हा खटाटोप.

रोम हललंच नाही असं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 साली प्रापंचिकांच्या कार्यावर स्वतंत्र ठराव केला. मिस्सा मराठीत आली, फादरांचं तोंड लोकांकडं वळलं. धर्मग्रामात मंडळं झाली, प्रापंचिक माणसं वाचन करू लागली. मग 1983 चा नवा चर्च-कायदा आला. त्याचं 536 वं कलम सांगतं की बिशपला योग्य वाटलं तर धर्मग्रामात पाळकीय मंडळ असावं, अध्यक्ष धर्मगुरू, आणि मंडळाचं मत फक्त सल्ल्यापुरतं. पुढचं 537 वं कलम पैशाच्या मंडळाचं. ते मात्र सक्तीचं, पण तेही धर्मगुरूला मदत करण्यापुरतंच. ग्रामपंचायतीत सगळे सदस्य एका बाजूला आणि सरपंच दुसऱ्या बाजूला असला तर सरपंच पडू शकतो. इथं पडत नाही. ज्यानं शंभर वर्षं भिंत धरून ठेवली त्याला विचारतात, ऐकतात, आणि घरी पाठवतात.

आणि मास्तरच्या कामाला रीतसर सेवापदाचा दर्जा रोमनं कधी दिला? 10 मे 2021 ला. नगरच्या वाड्यात पहिला मास्तर उभा राहिल्यावर सुमारे 140 वर्षांनी. त्याच वर्षी जानेवारीत देवळात वाचन करण्याचं पद बायांना रीतसर खुलं झालं. वाचत तर त्या कधीच्याच होत्या.

बाबासाहेबांनी या साऱ्याचा विचार फार आधी केला होता. धर्मांतरित ख्रिस्त्याच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत सविस्तर लिहून ठेवलं. ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. महाराष्ट्र सरकारच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात 1989 साली आलं. तो खंड मिळवून वाचा, नुसता कपाटात ठेवू नका. चर्चनं जात मोडली का, हा त्यांचा रोखठोक प्रश्न. दक्षिणेत कॅथलिक देवळांत वेगळी बसण्याची जागा होती. 1623 साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी जानवं, शेंडी यांसारख्या खुणांना परवानगीच देऊन टाकली होती. गोव्यात तर देवळाच्या बंधुमंडळांत जातीजातीचे मान ठरलेले. 1 जानेवारी 1938 ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलतानाही बाबासाहेबांनी त्यांना बजावलं की हा समाज राजकीय लढ्यात उतरत नाही. शिकलेला ख्रिस्ती मिशनच्या नोकरीत अडकतो आणि ज्याचं खातो त्याच्यापुढं गप्प बसतो, अशी त्यांची तक्रार होती.

मला ही टीका मान्य आहे आणि तरी मास्तरची बाजू थोडी घ्यावीशी वाटते. तो मिशनचा पगारी होता, खरंय. पगार कापला की चूल विझायची. पण सवर्ण हेडमास्तरच्या शाळेत पोरं दाराबाहेर बसत होती त्या काळात वाड्याची पोरं याच्यासमोर आत बसली. वतनाचं जू मात्र त्यालाही मोडता आलं नाही. येशू घेतला तरी बऱ्याच गावांत येसकरपाळी सुटली नाही. ते जू मोडायला 1939 सारखी परिषद लागली आणि शेवटी 1958 चा वतन-निर्मूलनाचा कायदा. प्रार्थनेनं वतन गेलं नाही, संघटनेनं गेलं. आणि मांगाचा ख्रिस्ती, महाराचा ख्रिस्ती हा भेद बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळला नाही, हेही लिहिलं पाहिजे. आपल्या विहारात मांगाची किती घरं येतात, हे मोजून मगच त्यांना हसावं.

10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ही भावकी कागदावरही तोडली. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं की हिंदूशिवाय दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही. 1956 मध्ये शीख घेतले. बौद्ध घेतले 1990 साली. म्हणजे केंद्राच्या दारात आपण 34 वर्षं उभे होतो. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून त्या यादीत नाहीत. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 साली ती धर्माची अट काढा म्हटलं. 2022 साली बालकृष्णन आयोग नेमला, त्याला मुदतवाढही मिळाली. दरम्यान वाड्यात काय होतं? देवळाच्या नोंदवहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. रविवारी ख्रिस्ती, सोमवारी तहसीलमध्ये हिंदू महार. मग ज्याला नोकरी हवी तो मंडळाचा पदाधिकारी व्हायला भितो. नाव छापून आलं तर दाखला जाईल. प्रापंचिक नेतृत्व खुंटलं ते फक्त फादरमुळं नाही, तहसील कचेरीमुळंही खुंटलं.

आपल्यातले काही म्हणतात, त्यांना घेतलं तर आपल्या वाट्यात वाटेकरी येतील. 1990 च्या आधी बौद्धांबद्दल हेच शब्द बोलले जात होते. बोलणारे कोण होते ते आठवा, आणि आज त्यांचं वाक्य आपल्या तोंडी कसं आलं त्याचा शोध घ्या. इकडं चर्चनंही 2016 साली आपल्याच धोरणपत्रात कबूल केलं की तिथं दलितांना भेदभाव सोसावा लागतो आणि वरच्या जागांवर दलित फार थोडे आहेत. भारतातला पहिला दलित कार्डिनल झाला तो 2022 साली, आंध्रचे अँथनी पूला.

आता काम. नगर, वैजापूर, गंगापूर, श्रीरामपूरकडं ज्यांचं नातंगोतं आहे त्यांनी सुट्टीत तिकडं जावं. जुने मास्तर थोडे उरलेत, त्यांच्या बायका-पोरं आहेत. पेटीतल्या वह्या, पत्रं, अर्जांच्या नकला असतील त्या बघाव्यात, हातानं उतरवून घ्याव्यात. पगार किती होता, किती वेळा थकला. कोणत्या अर्जावर कोणाचा अंगठा. 1939 च्या डिसेंबरात हरेगावला वाड्यातून कोण कोण गेलं आणि 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरची गाडी कोणी धरली. एकाच घरातला कोणता भाऊ विहारात गेला आणि कोणता देवळात राहिला, आणि आईच्या मातीला दोघं कुठं उभे राहिले.