तुशिनोच्या माळावरील एक रात्र

राज्यें कशीं बुडतात याचा विचार करितांना इतिहासकाराची दृष्टि स्वाभाविकपणेंच रणांगण, तिजोरी आणि दरबार या तीन ठिकाणीं जाते. परंतु कित्येकदां राज्याचा अंमल सर्वांत आधीं प्रजेच्या कानांवरून उठतो, आणि दरबारांतील कोणाच्या तें ध्यानींहि येत नाहीं. याचा ठळक प्रत्यय ज्या प्रसंगीं येतो, तो म्हणजे ता. २८ सप्टेंबर १९९१ रोजीं मॉस्को शहराच्या वायव्येस तुशिनो येथील विमानांच्या मैदानावर झालेला 'मेटल' संगीताचा प्रचंड जलसा. गाणेंबजावणें हा इतिहासाचा विषय नव्हे असें मानणाऱ्या वाचकांनीं थोडा धीर धरावा, एवढीच आमची विनंति आहे.

या संगीताचा जन्म इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरीं झाला असें सामान्यतः मानितात. तेथील 'ब्लॅक सबाथ' या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालीं निघाली. त्यांतील गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें वयाच्या सतराव्या वर्षीं पत्र्याच्या कारखान्यांतील यंत्रांत तुटलीं होतीं. त्यानें घरच्या घरीं टोपणें बनवून तीं बोटांवर चढविलीं, आणि पुढें तारा सैल सोडून वाजविण्यास आरंभ केला. त्या सैल तारांतून निघालेला जड, खर्जाचा, घणाच्या घावासारखा नाद हाच या संगीताचा विशेष होऊन बसला. आपल्या रागदारीवर पोसलेल्या कानांस तो प्रथम केवळ गोंगाट वाटतो. परंतु ज्याला त्याची गोडी लागली, तो त्यासाठीं काय काय सोसतो हें पाहावयाचें असेल तर सोव्हिएट रशियाकडे वळलें पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमधील परदेशी संगीताच्या शौकिनांनीं एक विलक्षण युक्ति काढली. इस्पितळांनीं टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्म गोल कापावयाच्या, त्यांवर निषिद्ध गाणीं कोरावयाचीं, मधोमध जळत्या सिगारेटनें भोंक पाडावयाचें, आणि ती तबकडी कोटाच्या बाहींत लपवून विकावयाची! कोणाच्या बरगड्यांवर, कोणाच्या मोडक्या हातावर नाचाचे सूर उमटूं लागले. लोक त्यांस 'हाडांवरचें संगीत' म्हणत. असल्या तबकड्या बनविणाऱ्या रुस्लान बोगोस्लोव्स्कीस तुरुंगवास घडला, तरी धंदा थांबला नाहीं. पुढें फितीवर ध्वनिमुद्रण करणारीं यंत्रें बाजारांत आलीं आणि एका फितीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती हातोहात फिरूं लागल्या. १९७७ पासून बी. बी. सी.च्या रशियन विभागावरून सेवा नोव्हगोरोद्त्सेव्ह हा लेनिनग्राडचा माजी वादक लंडनहून हें संगीत ऐकवूं लागला. १९८० पासून १९८७ पर्यंत त्या लहरींत सरकारी यंत्रें मुद्दाम खरखर मिसळीत. प्रतीची प्रत होतां होतां मूळ नाद विरून जाई, आकाशवाणीवर खरखर चाले, तरी ऐकणारा दार लावून, आवाज बेताचा ठेवून, त्या खरखरीपलीकडचा सूर वेंचून काढी. निर्बंधानें रसिक मेला नाहीं. तो अधिक चोखंदळ झाला.

आतां निर्बंध घालणाऱ्यांचें शहाणपण पाहा. जानेवारी १९८५ मध्यें युक्रेनमधील निकोलायेव्ह येथील प्रांतिक कोम्सोमोलनें, म्हणजे साम्यवादी तरुण संघानें, घातक परदेशी गायकवादकांची एक यादी काढली. तींत ३८ नांवें असून प्रत्येकापुढें त्याचा अपराध नोंदला आहे. 'ब्लॅक सबाथ' व 'आयर्न मेडन' यांचा अपराध हिंसा व धार्मिक अंधश्रद्धा. 'एसी-डीसी'चा नवफॅसिझम व हिंसा. इतकेंच नव्हे, तर गोड गळ्यानें प्रेमगीतें गाणारा स्पॅनिश गायक हुलिओ इग्लेसियास हाहि त्या यादींत नवफॅसिस्ट ठरला आहे! चोरून संगीत मिळविणाऱ्या तरुणास याहून सोईची सूचि दुसऱ्या कोणी करून दिली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

तथापि हा श्रोता बंडखोर होता, अशी समजूत करून घेणें चुकीचें होईल. लेनिनग्राडला वाढलेला मानवशास्त्रज्ञ अलेक्सेई युर्चाक यानें आपल्या २००५ सालच्या ग्रंथांत दाखविल्याप्रमाणें, असले श्रोते पुष्कळदां स्वतःच कोम्सोमोलचे सभासद असत. दिवसां सभेंत ठरावास हात वर करावा आणि रात्रीं फीत लावावी, यांत त्यांस विसंगति वाटत नसे. सरकारचेंहि वर्तन असेंच दुटप्पी होतें. १९८१ मध्यें लेनिनग्राड येथें अधिकाऱ्यांच्याच देखरेखीखालीं रॉक संगीताचें मंडळ निघालें. १९८७ मध्यें 'मेलोदिया' या सरकारी कंपनीनें 'आरिया' या मॉस्कोच्या मेटल वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. दोनच वर्षांपूर्वीं जें विष होतें, तें आतां सरकारी शिक्क्यानें विकलें जाऊं लागलें! ऑगस्ट १९८९ मध्यें तर 'ब्लॅक सबाथ'चा एके काळचा गायक ऑझी ऑसबोर्न मॉस्कोच्या लेनिन क्रीडांगणांत उभा राहून गायला. किल्ल्याच्या तटास कोणी सुरुंग लावला नव्हता. दरवाजे आंतल्यांनींच एकेक करून किलकिले केले होते.

यानंतर १९९१ चा तो ऑगस्ट महिना आला. ता. १७ रोजीं इंग्लंडांतील डॉनिंग्टन येथें 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' हा जलसा होऊन त्यांत 'एसी-डीसी' व 'मेटॅलिका' वाजविते झाले. ता. १९ रोजीं मॉस्कोच्या रस्त्यांत रणगाडे शिरले. गोर्बाचेव्ह क्रीमियांत अडकून पडले, आणि हजारों नागरिक रशियन पार्लमेंटच्या इमारतीभोंवतीं कोट करून उभे राहिले. तीन तरुण प्राणांस मुकले. तिसऱ्या दिवशीं कट फसला. या धैर्याबद्दल तरुणांस भेट म्हणून तोच जलसा मॉस्कोस न्यावा असें ठरलें. 'टाइम वॉर्नर' या अमेरिकन कंपनीचा त्यास आश्रय होता, आणि श्रोत्यांस प्रवेश विनामूल्य होता. जागाहि योगायोगानें ऐतिहासिकच मिळाली. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची कथा आपणांस ठाऊक आहे; तसाच रशियाच्या गादीवर हक्क सांगणारा एक तोतया दिमित्री १६०८ सालीं याच तुशिनोस तळ देऊन बसला होता. पुढें सोव्हिएट अमलांत तेथें विमानांच्या कवायती होऊं लागल्या, आणि माना वर करून त्या पाहणें हें जमावाचें काम असे.

त्या दिवशीं मात्र जमाव स्वतःच प्रेक्षणीय झाला. तिकीट नव्हतें म्हणून मोजदादहि नव्हती; पांच लाखांपासून सोळा लाखांपर्यंत वाटेल तो आंकडा सांगण्यांत येतो. वेन आयशम यानें केलेल्या चित्रपटांत दृष्टि पोंचेल तेथवर माणसेंच दिसतात. डोक्यांवरून हेलिकॉप्टरें घिरट्या घालीत आहेत. अमेरिकेचे 'पँटेरा' व 'ब्लॅक क्रोज' आणि मॉस्कोचा 'ई. एस. टी.' हेहि वाद्यवृंद आले होते. 'मेटॅलिका'चें वादन दिवसाउजेडीं झालें, आणि अंधार पडल्यावर 'एसी-डीसी'नें समारोप केला. त्या समारोपांत तोफा उडाल्या. पांच-सहा आठवड्यांपूर्वीं ज्या शहरांत खऱ्या तोफा नागरिकांवर रोंखल्या होत्या, तेथें या शोभेच्या तोफांना लाखों कंठांतून दाद मिळाली!

या चित्रास दुसरी बाजूहि आहे, आणि ती लपविणें इतिहासास शोभणार नाहीं. पोलीस व सैनिक यांच्या रांगांवर बाटल्या फेंकल्या गेल्या; त्यांनींहि लाठ्या निर्दयपणें चालविल्या; पुष्कळ लोक जखमी झाले. त्या रांगांतील बरेच शिपाई सक्तीच्या लष्करी नोकरींत भरती झालेले, अठरा-वीस वर्षांचे, म्हणजे समोरच्या श्रोत्यांच्याच वयाचे होते. कांहीं गणवेषधारी पोरें ठेक्यावर डोलतांना दिसतात, तर कांहीं लाठी उगारतांना. एक पिढी त्या माळावर दोन पोषाखांत उभी होती. वर्षानुवर्षें दार लावून, आवाज कमी करून जें ऐकलें, तें आतां त्यांतील श्रोत्यांस चारचौघांत, आकाशाखालीं, पूर्ण आवाजांत ऐकावयास मिळालें. त्या रात्रीचें खरें महत्त्व आम्ही यांतच मानतों.

आणि येथें कालगणनेनें एक चमत्कार करून ठेविला आहे. ज्या कोम्सोमोलच्या प्रांतिक शाखेनें ती ३८ नांवांची यादी केली होती, त्या संघाचें अखेरचें अधिवेशन ता. २७ व २८ सप्टेंबर १९९१ रोजीं याच मॉस्को शहरांत भरलें होतें. आपलें ऐतिहासिक कार्य संपलें असें जाहीर करून त्या संघानें स्वतःचें विसर्जन केलें. एका सभागृहांत यादी करणाऱ्यांची संस्था मिटत होती, आणि त्याच सुमारास शहराच्या कडेस यादींतील एक अपराधी लाखों तरुणांसमोर वाजवीत होता. हें कोणीं ठरवून केलेलें नव्हतें. म्हणूनच त्याची साक्ष अधिक मोलाची.

तीन महिन्यांच्या आंत, ता. २५ डिसेंबर रोजीं, गोर्बाचेव्ह यांनीं पद सोडलें व सोव्हिएट संघ लयास गेला. ता. २ जानेवारी १९९२ पासून वस्तूंच्या किंमतींवरील सरकारी बंधन उठलें, आणि रात्रभर गाणें ऐकणाऱ्या त्याच तरुणाच्या घरीं भाकरी महागली. गाण्यानें राज्य पाडलें असें आम्ही म्हणत नाहीं, आणि गाण्यानें पोट भरतें असेंहि नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, सत्ता कागदावर असतांनाच लोकांच्या रोजच्या आवडीनिवडींतून ती निघून गेली होती, आणि तुशिनोच्या माळावर ती गोष्ट सर्वांस एकदम ऐकूं आली.

मात्र असा उघडलेला दरवाजा कायमचा उघडा राहतो असें कोणीं समजूं नये. फेब्रुवारी १९२२ नव्हे, तर २०२२ मध्यें, म्हणजे सोव्हिएट संघाच्या स्थापनेच्या शतसांवत्सरिक वर्षींच, रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली. पाश्चात्य वाद्यवृंदांनीं मॉस्कोचे ठरलेले जलसे रद्द केले. ज्या निकोलायेव्ह शहरीं ती यादी टंकलिखित झाली, त्यावर, म्हणजे आतांच्या मिकोलाइव्हवर, रशियन तोफांचा मारा झाला. या वेळच्या तोफा शोभेच्या नव्हत्या. तुशिनोच्या मैदानावर आज फुटबॉलचें क्रीडांगण व वसाहत उभी आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वींचे ते श्रोते आतां पन्नाशी ओलांडून गेले असतील. एके काळीं भीति न बाळगतां पूर्ण आवाजांत ऐकलें होतें, ही आठवण त्यांनीं आपल्या मुलांस सांगितली असेल, तर त्या रात्रीचें काम अजून संपलेलें नाहीं.