व्याज पडलं का?

आमच्या घरात व्याज कायम ‘चढायचं’. ताप चढतो, पुराचं पाणी चढतं, तसं. मोठीमाय, म्हणजे माझी आजी, हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणायची.

अंबड तालुक्यातलं आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. तिच्या सासऱ्यांनी बैलजोडीसाठी जालन्याच्या पेठेतून 200 हाली रुपये उचलले. हाली म्हणजे उस्मानिया शिक्का. सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हाती यायचे. दर ठरला शेकडा दोन. हे दोन रुपये वर्षाचे नव्हेत, महिन्याचे. 200 रुपयांवर वर्षाला 48. तेही आधीच कापून घेतलेले. हातात 152 पडले, कागदावर मात्र 200च राहिले. बियाणाला ज्वारी नेली तर हिशेब दाण्यात व्हायचा, सवाईनं नाहीतर दिडीनं. एक पोतं नेलं की खळ्यावर सव्वा किंवा दीड पोतं मोजून द्यायचं. “कापूस भरून गाडी जालन्याला जायची,” मोठीमाय सांगायची, “अन् येताना गाडीत गुळाचा खडाबी नसायचा.”

जालन्याला लोक सोन्याचा पाळणा म्हणत. तो पाळणा कुणाच्या कापसावर हलत होता, हे मला तिच्याकडून कळलं.

1941 साली हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली, पण तिचं दार आमच्या लोकांसाठी फार लांब होतं. त्यांच्या जवळ आलं ते पोस्ट. 1 एप्रिल 1950 रोजी निजामाचं स्वतंत्र टपालखातं भारतीय टपालात विलीन झालं. पुढं 1972 चा दुष्काळ आला. खडी फोडून मिळालेल्या मजुरीतले थोडे पैसे मोठीमायनं गावच्या पोस्टात टाकले. वर्ष सरल्यावर मास्तरांनी पुस्तकात नवा आकडा लिहून वाचून दाखवला, तेव्हा ती घाबरली.

“मास्तर, माझे एवढे नव्हते. दुसऱ्या कुणाचे आले असतील, काढून टाका.”

“मावशी, ते व्याज पडलंय. तुमचंच आहे.”

घरी येऊन तिनं माझ्या वडिलांना विचारलं, “सरकार आपलं देणं लागतं का रे?” हा प्रश्न मी आजवर विसरलो नाही. चढणारं व्याज तिच्यापुरतं त्या दिवशी पहिल्यांदा पडलं.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पगाराच्या दिवसात ते एकच बजावत: दहा तारखेच्या आत टाक, दहानंतर काढू नको. बचत खात्यात महिन्याची दहा तारीख ते अखेर या दिवसांतली सर्वांत कमी शिल्लक धरून व्याज काढलं जाई. अकरा तारखेला टाकलेल्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडालं. वीस तारखेला काढली तर आधीचे वीस दिवसही वाया गेले. बँकांनी हा नियम सोडला आणि 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकीवर व्याज देणं सुरू केलं. पोस्टाच्या बचत खात्यात दहा तारीख अजून मोलाची आहे.

1988 मध्ये किसान विकास पत्र आलं. साडेपाच वर्षांत दुप्पट. मोठीमायला ते समजवावं लागलं नाही. सावकारानं एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागू नये, हा दामदुपटीचा जुना नियम तिला ठाऊक होता. “म्हणजे आता दामदुपट आपल्याला,” ती म्हणाली. माझ्या बहिणीच्या लग्नाला तेच पैसे कामी आले.

वडील निवृत्त झाल्यावर एका बँकेत लाख रुपये फिक्सला टाकले. पाच वर्षं, दर सात टक्के. त्यांना वाटलं, पावती आतल्या आत वाढते आहे. अर्जावर मात्र व्याज दर तिमाहीला खात्यात, अशी खूण झालेली होती. खिडकीवर कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. दर तीन महिन्यांनी 1750 रुपये बचत खात्यात पडत राहिले आणि तिथं कमी दरानं निजून राहिले. मुदतीला पावतीवर लाखच होते. वीस तिमाह्यांचे मिळून 35 हजार बाहेर आले. तिमाहीला व्याज मुद्दलात मिसळलं असतं तर 1,41,478 झाले असते. दरमहा व्याज मागणाऱ्यालाही हे माहीत असावं: लाखाला सात टक्क्यांनी महिन्याचे 583 होतात, पण बँक सुमारे 580 देते, कारण तिमाहीआधी दिलेल्या पैशाचं मोल ती कापून घेते. यात फसवणूक नाही. पण सांगणं हे देणाऱ्याचं काम आहे, आणि ते केलं जात नाही याचा मला राग आहे. सावकार निदान ‘शेकडा दोन’ असं तोंडावर सांगायचा.

तिमाहीचं व्याज घरखर्चाला लागत असेल तर ते जरूर घ्यावं. पण घेतलेलं व्याज पुढं वाढत नाही. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत तर न उचललेल्या व्याजावर एक पैसाही जास्त मिळत नाही. त्यामुळं या एप्रिलमध्ये घरातल्या थोरल्या माणसांची पासबुकं आणि पावत्या काढा, त्यांच्याशेजारी बसा, आणि व्याज कधी पडतं, कुठं पडतं, हे त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवा.