होस्टा शहाडमध्ये वाढेल का? सावलीतल्या बागेसाठी काय लावावं?

शहाडसारख्या दाटीच्या वस्तीत तळमजल्याची मोकळी जागा किंवा उत्तरेकडची गॅलरी असेल, तर दिवसातून जेमतेम तास-दोन तास ऊन मिळतं. अशा जागेसाठी इंटरनेटवर झाडं शोधली की हमखास दिसतो होस्टा. पण पैसे भरण्याआधी हे वाचा.

होस्टा म्हणजे काय?

रुंद, ठळक शिरांच्या पानांची ही वनस्पती मूळची जपान, कोरिया आणि चीनची. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलस होस्ट यांच्यावरून १८१२ मध्ये तिला हे नाव मिळालं.

मग अडचण काय?

सावली नव्हे, थंडी. हिवाळ्यात होस्टाची पानं वाळतात आणि जमिनीखालचा गड्डा झोपी जातो. पुन्हा जोमाने फुटण्यासाठी त्याला काही आठवडे साधारण ५ अंशांच्या आसपासची थंडी लागते. शहाडमध्ये पारा १० अंशांखालीही क्वचितच उतरतो. ही विश्रांती न मिळाल्याने झाड दरवर्षी खुरटत जातं आणि शेवटी मरतं. काही हौशी लोक गड्डा फ्रीजमध्ये ठेवतात, पण ती दरवर्षीची कटकट आहे.

ऑनलाइन मिळणाऱ्या बियांचं काय?

फोटोतली पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची पानं बियांपासून सहसा येत नाहीत. असे वाण गड्डे विभागून किंवा टिश्यू कल्चरने वाढवतात.

त्याऐवजी काय लावाल?

- कॅलेडियम: रंगीत पानांमुळे होस्टाची हौस भागते. कंद मे अखेरीस किंवा जूनमध्ये लावा. हिवाळ्यात पानं गेली तरी कुंडी फेकू नका, पाणी कमी करा. उन्हाळ्याअखेर पुन्हा कोंब येतात.
- अग्लोनेमा: अगदी कमी उजेडातही वर्षभर हिरवं राहतं.
- सिंगोनियम: कुंडीत किंवा भिंतीवर चढवता येतं.
- सोनटक्का: थोडं ऊन येत असेल तर पावसाळ्यात सुवासिक पांढरी फुलं देतो.

काळजी काय घ्याल?

पावसाळ्यात कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतील. माती, शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात घ्या. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा.

कॅलेडियम, अग्लोनेमा आणि सिंगोनियमची पानं चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते. घरात लहान मुलं, कुत्रा किंवा मांजर असेल तर या कुंड्या उंचावर ठेवा.