वंध्यत्व उपचार व कौटुंबिक आधार

मूल होण्यात अडचण येणाऱ्या दांपत्याला तपासणीपासून उपचार संपेपर्यंत घरातील माणसांकडून मिळणारे मानसिक, शारीरिक व आर्थिक साहाय्य म्हणजे वंध्यत्व उपचारातील कौटुंबिक आधार होय. बारा महिने किंवा अधिक काळ नियमित, निरोधाविना शरीरसंबंध असूनही गर्भधारणा न झाल्यास त्या स्थितीला वैद्यकशास्त्रात वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार जगात सुमारे सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. सातारा व सांगली जिल्ह्यांत एकत्र कुटुंब, शेतजमिनीचा वारसा आणि सणावारांचा स्त्रीजीवनावरील पगडा यांमुळे हा प्रश्न दोघांचा न राहता सगळ्या घराचा, पुष्कळदा सगळ्या भावकीचा होतो.

भाषा व समजुती

मराठीत अपत्यहीन स्त्रीसाठी ‘वांझ’, ‘वांझोटी’ असे शब्द रूढ आहेत. पुरुषाला चिकटणारा तसा स्वतंत्र शब्द बोलीत जवळजवळ नाही. ‘निपुत्रिक’ हा शब्द दोघांनाही लागू पडतो, परंतु त्यात मुलगी हिशेबातच धरलेली नाही. ‘नपुंसक’ हा शब्द लोक सर्रास चुकीने वापरतात. नपुंसकत्व म्हणजे शरीरसंबंधाची अक्षमता. वंध्यत्व त्याहून वेगळे असून सर्वार्थाने निरोगी पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणूंची संख्या वा हालचाल कमी असू शकते. हा घोटाळा केवळ शब्दांचा नाही. त्याच्या धास्तीने पुरुष वीर्यतपासणी टाळतात आणि वर्षानुवर्षे सोनोग्राफी, औषधे, नवस व उपास एकट्या स्त्रीच्या वाट्याला येतात. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासह आढळते. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी व स्वस्त तपासणी असल्याने ती आरंभीच होणे इष्ट असते. स्त्रीकडील कारणांत बीजनिर्मितीतील अनियमितता, गर्भनलिका बंद असणे आणि भारतात विशेषतः जननेंद्रियांचा क्षयरोग यांचा समावेश होतो.

हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसे अशा प्रसंगी अपत्यहीन सुनेची ओटी न भरणे किंवा तिला पाळण्याजवळ न बोलावणे ही प्रथा पूर्वी सर्वत्र होती आणि आजही काही घरांत आहे. ती मोडणे सासूला सर्वांत सोपे असते, कारण घरातील पहिली ओटी तिच्याच हातून भरली जाते.

ऐतिहासिक संदर्भ

अपत्यहीनतेचा राजकीय परिणाम सातारकरांनी १८४८ मध्ये अनुभवला. छत्रपती शहाजी तथा आप्पासाहेब यांना औरस पुत्र नव्हता. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक लॉर्ड डलहौसीने अमान्य केले आणि सातारा संस्थान खालसा झाले. संस्थान खालसा करण्याच्या त्याच्या धोरणातील हे पहिले मोठे उदाहरण होय.

घरातील आधाराचे उदाहरणही याच परिसराशी जोडलेले आहे. सातारा जिल्ह्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव, तर खटाव तालुक्यातील कटगुण हे जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. या दांपत्याला मूल झाले नाही. नातलगांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला असता जोतीरावांनी तो नाकारला. दोष पतीत असेल तर पत्नीने दुसरा पती केलेला चालेल काय, असा त्यांचा प्रतिप्रश्न चरित्रकारांनी नोंदवला आहे. १८७४ मध्ये त्यांनी काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या यशवंतच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. दत्तक मुलाला घरचा मानणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात शोधावे लागेल.

मूल होत नाही म्हणून दुसरी बायको करण्याची वाट मुंबई प्रांतात १९४६ च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने बंद केली. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार वंध्यत्व हे घटस्फोटाचे कारण नाही.

आयव्हीएफचा उदय

शरीराबाहेर फलन घडवून जन्मलेले जगातील पहिले मूल, लुईस ब्राऊन, इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. पण त्यांच्या हयातीत त्या कार्याला मान्यता मिळाली नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली मुलगी हे शास्त्रीय नोंदी असलेले भारतातील पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ होय. म्हणजे हा उपचार महाराष्ट्रात प्रथम महापालिकेच्या रुग्णालयात यशस्वी झाला. पुढे मात्र तो मुख्यतः खाजगी दवाखान्यांत गेला आणि महाग झाला.

उपचारकाळातील घर

आयव्हीएफच्या एका आवर्तनात स्त्रीला साधारण आठ ते चौदा दिवस रोज इंजेक्शने घ्यावी लागतात आणि अधूनमधून सोनोग्राफी करावी लागते. शेवटचे इंजेक्शन ठरलेल्या घटकेलाच द्यावे लागते, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीजे काढली जातात. काही औषधे शीतकपाटातच ठेवावी लागतात. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हीही एक काळजी होते. माण, खटाव, जत अशा तालुक्यांतील जोडप्यांना सातारा, पुणे किंवा मिरजेच्या फेऱ्या कराव्या लागतात. मिरज हे १८९४ पासून, डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयामुळे, दवाखान्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. अशा वेळी ‘धीर धर’ या शब्दांपेक्षा जावेने आठवडाभर चूल सांभाळणे, दिराने दुचाकीवरून एस.टी. स्थानकापर्यंत सोडणे, पतीने प्रत्येक फेरीला सोबत जाणे यांचा उपयोग अधिक होतो.

भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर सुनेला दिवसचे दिवस अंथरुणावर झोपवून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत प्रेमापोटी पाळली जाते. तिचा लाभ होत नाही असे अभ्यासांतून दिसते. नेहमीच्या हलक्या हालचालींनी गर्भ ‘पडत’ नाही. यानंतर निकालाची सुमारे दोन आठवड्यांची वाट बहुतेक स्त्रियांना इंजेक्शनांपेक्षा जड जाते. या दिवसांत फोन करून ‘काही कळलं का?’ असे विचारणाऱ्या नातलगांना आवरण्याचे काम माहेर व सासर दोघांनी वाटून घ्यावे लागते. उपचार फसल्यास दोष शोधू नये. वयाच्या पस्तिशीनंतर यशाचे प्रमाण झपाट्याने घटते आणि योग्य उपचार होऊनही अपयश येऊ शकते. किती आवर्तने करायची व केव्हा थांबायचे हे दांपत्याने आधीच ठरवलेले बरे. आरोग्यविम्याच्या सर्वसाधारण पॉलिसींत वंध्यत्वावरील उपचार बहुधा वगळलेले असल्याने खर्च दागिने किंवा जमिनीपर्यंत जातो.

पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या मुलासाठी होणारा आग्रह हा आधार नव्हे. मुलगी नको म्हणून ‘नकुशी’ नाव दिलेल्या २८५ मुलींचे नामांतर सातारा जिल्हा परिषदेने २०११ मध्ये केले होते. गर्भधारणेपूर्वी वा नंतर, आयव्हीएफद्वारेही, लिंग निवडणे हा कायद्याने गुन्हा आहे.

कायदेशीर बाजू

साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) कायदा, २०२१ नुसार हे उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. यशाची शक्यता व परिणाम यांविषयी समुपदेशन करणे दवाखान्यावर बंधनकारक आहे आणि लेखी संमती दोघांचीही लागते. सासू-सासऱ्यांची लागत नाही. दात्याच्या बीजपेशी नोंदणीकृत बँकेमार्फतच घ्याव्या लागतात. अशा बीजापासून जन्मलेले मूल कायद्याने त्या दांपत्याचेच अपत्य असून त्याला औरस अपत्याचे सर्व हक्क मिळतात.

उपचार थांबवून दत्तकाकडे वळणाऱ्यांना हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ आणि बाल न्याय कायदा, २०१५ हे दोन मार्ग आहेत. पहिल्यात २०१० च्या दुरुस्तीपासून विवाहित स्त्रीलाही पतीच्या संमतीने दत्तक घेता येते. दुसऱ्या मार्गाने दत्तक घेणाऱ्या दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे लागते आणि दोघांची संमती आवश्यक असते.